बर्फावरची मोटारसायकल शर्यत : आज कोण उतरतो, उद्या कोण उतरणार

वळणावर मोटारसायकल किती आडवी घालता येईल, हे टायरच्या पकडीवर ठरते. गाडी ४५ अंश कलली की गाडीच्या वजनाएवढाच जोर टायरवर आडवा पडतो. कोरड्या डांबरावर चांगले टायर तो झेलतात. बर्फावर साध्या रबराची पकड त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरते, म्हणजे पाच-सहा अंश कलली की गाडी गेलीच. हिशोब इतका उघड असूनही दर हिवाळ्यात युरोपात बर्फाच्या रिंगणात चार स्वार एकाच वेळी सुटतात, सरळ भागात ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातात आणि वळणात गाडी इतकी झुकवतात की डाव्या हँडलचे टोक बर्फाला लागायला येते.

आपल्याकडे या खेळाची ओळख मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींपुरती आहे. त्या पाहिल्या की हे जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’सारखे काहीतरी असावे असे वाटते. प्रत्यक्षात हा कडक नियमांचा, जवळपास साठ वर्षे जागतिक स्पर्धा चालवणारा आणि स्वाराकडून कमालीची अचूकता मागणारा खेळ आहे. आज तो दोन बाजूंनी आकसतो आहे. पायाखालचा बर्फ कमी होतो आहे आणि त्यावर उतरणारी माणसेही कमी होत आहेत. बर्फ या खेळाच्या हातात नाही. माणसे आहेत. नवा स्वार घडण्याची वाट मात्र मधेच तुटलेली आहे आणि ती जोडण्याकडे खेळाच्या धुरिणांचे पुरेसे लक्ष नाही, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी हा खेळ चालतो कसा ते नीट पाहावे लागेल.

सगळे काही खिळ्यापासून सुरू होते. जागतिक स्पर्धेतल्या गाडीच्या टायरमध्ये सुमारे २८ मिलिमीटर लांबीचे, टोकदार घासलेले पोलादी खिळे बसवलेले असतात. पुढच्या चाकात ९० च्या आसपास, मागच्या चाकात बर्फाच्या प्रतीनुसार २०० ते ५००. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने होते आणि वळणे फक्त डावीकडेच असतात, म्हणून खिळ्यांची दाटी टायरच्या डाव्या अंगाला जास्त. इथे रबर बर्फाला घासून पकड घेत नाही, तर खिळे बर्फात रुतून गाडीला धरून ठेवतात. त्यामुळे मातीवरच्या स्पीडवे शर्यतीत दिसते तसे मागचे चाक बाहेर फेकत घसरत जाणे इथे नाही. गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते आणि स्वार तिच्या आतल्या बाजूला जवळजवळ लोंबकळत असतो. डावा गुडघा बर्फावर घासत जातो, म्हणून अनेक स्वार त्या गुडघ्यावर जुन्या टायरचा तुकडा बांधतात. इतक्या महागड्या आणि नेमक्या यंत्रावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावरचा तो रबराचा तुकडा मला फार बोलका वाटतो. खेळ कारागिरांच्या हातात वाढला, मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेत वाढला नाही, हे त्यावरून कळते.

गाडी ५०० सीसीची, एकाच सिलिंडरची, चार-स्ट्रोक. इंधन मिथेनॉल. मिथेनॉल जळण्यापूर्वी वाफ होताना भरपूर उष्णता शोषून घेते, त्यामुळे इंजिन आतून थंड राहते आणि दाब जास्त ठेवता येतो. त्याची एक वाईट बाजूही आहे. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून आग विझवणाऱ्यांना डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. साध्या स्पीडवे गाडीला एकच गिअर असतो, बर्फावरच्या गाडीला दोन. खिळ्यांमुळे सुटतानाच एवढी पकड मिळते की पहिल्या गिअरचा उपयोग होतो. आणि ब्रेक नाहीत. एकही नाही. वेग कमी करायचा तो थ्रॉटल सोडून. आपल्या मागेही कोणी ब्रेक मारू शकत नाही हे प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणून अचानक काही करायचे नाही हा या खेळातला पहिला धर्म आहे. दोन्ही चाकांवर खिळे झाकणारी मोठी आवरणे सक्तीची असतात. मनगटाला बांधलेली एक दोरी इंजिनच्या स्विचला जोडलेली असते, माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होते.

या गाड्यांवर वर्षानुवर्षे ज्या नावाचे राज्य आहे, ते मराठी वाचकाला परके नाही. ते नाव म्हणजे जावा. इराणी कुटुंबाच्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडलेल्या गाड्या आणि नंतरच्या येझदी पुण्या-मुंबईच्या घराघरांत होत्या, आजही त्या जपणारे हौशी लोक आहेत. पण बर्फावरच्या जावाचे कूळ निराळे. चेकोस्लोव्हाकियात यारोस्लाव सिमांदल या माणसाने १९४९ मध्ये एसो नावाने शर्यतीच्या गाड्या आणि इंजिने बनवायला सुरुवात केली. दिविशोव या छोट्या गावात तो कारखाना वाढला आणि १९६४ मध्ये जावात विलीन झाला. म्हैसूरची जावा दोन-स्ट्रोक प्रवासी गाडी, दिविशोवची जावा चार-स्ट्रोक शर्यतीचे हत्यार. टाकीवरचे नाव तेवढे एक.

आता स्पर्धेच्या रचनेकडे येऊ. पारंपरिक पद्धतीत १६ स्वार आणि २० हीट असतात. प्रत्येक हीटमध्ये चौघे, चार फेऱ्या, उभ्या स्थितीतून सुरुवात. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. प्रत्येक स्वार पाच वेळा धावतो आणि दर वेळी तीन नवे प्रतिस्पर्धी भेटतात, म्हणजे उरलेल्या पंधराही जणांशी त्याची एकेकदा गाठ पडते. या गणिताची सुबकता मला आवडते. कोणाला सोपा गट मिळाला अशी तक्रार करायला जागाच उरत नाही. ट्रॅकची लांबी साधारण २६० ते ४२५ मीटर, त्यामुळे एक हीट मिनिटभरात आटोपते. म्हणजे संध्याकाळभरात एका स्वाराच्या वाट्याला प्रत्यक्ष शर्यतीची पाच-सहा मिनिटे येतात. त्यासाठी त्याने हिवाळाभर खिळे बसवलेले असतात, घासलेले असतात, बदललेले असतात.

त्या पाच-सहा मिनिटांत बर्फ एकसारखा राहत नाही. खिळे तो खरवडतात, वळणात खोल चर पडतात, भुगा बाहेरच्या कडेला साचतो. हीट संपल्या की ट्रॅक्टर पात्याने पृष्ठभाग सपाट करतात, पाणी मारून तो पुन्हा गोठवतात. उणे दोन अंशांचा बर्फ मऊ असतो, खिळा सहज शिरतो पण तितक्याच सहज ढलपा काढून बाहेर येतो. उणे वीसचा बर्फ कठीण आणि ठिसूळ. अनुभवी स्वार सरावाच्या फेऱ्यांत बर्फ वाचतो आणि कोणती खिळेदार चाके चढवायची ते ठरवतो. शर्यतीत त्याला चरांशी भांडायचे नसते. चर गाडीला जिकडे नेतो तिकडे नेऊ देऊन नेमक्या क्षणी बाहेर पडायचे असते. पुढच्या गाडीने उडवलेला बर्फाचा भुगा चष्म्यावर बसतो, श्वासाने काच धुरकटते, आणि पहिले वळण तर बहुतेकदा अंदाजानेच घ्यावे लागते. म्हणून सुटताना पुढे असणे इथे अर्धे यश आहे. मागून पुढे जाणारा स्वार बाहेरच्या बाजूने, न खरवडलेल्या बर्फावरून येतो. तशी एखादी चाल साधली की प्रेक्षागार उभे राहते.

हा झाला वरचा मजला. खालचा मजला अगदी वेगळा आहे, आणि माझ्या मते खेळाचा खरा पाया तिथे आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क या राज्यांत तलाव गोठले की स्थानिक क्लब बर्फावर बर्फनांगराने ट्रॅक आखतात. तिथे लांब खिळे नसतात. मोटोक्रॉसच्या साध्या गाडीच्या टायरमध्ये बाहेरून शेकडो छोटे स्क्रू पिळलेले असतात. त्यांच्या षटकोनी डोक्यांना धारदार कडा असतात, आणि बर्फ धरते ते डोके, टोक नव्हे. टोके आत ट्यूबला लागू नयेत म्हणून टायरच्या आत जुन्या टायरचा थर घालतात. स्क्रू कोणत्या कोनात बसवायचे, किती गतीसाठी आणि किती वळणासाठी, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये त्याचे स्वतःचे शास्त्र असते.

अशा शर्यतीत उतरायला विशेष काही लागत नाही. सकाळी नाव नोंदवायचे, तपासणीत गाडी दाखवायची. चाकांवर आवरणे आहेत का, मनगटाची दोरी ओढली की इंजिन खरोखर बंद पडते का, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटतो का, स्क्रूची डोकी नियमात बसतात का, हे पाहिले जाते. मग सराव, मग हीट, मग अंतिम फेरी. वर्ग इंजिनाच्या आकारानुसार, शिवाय जुन्या गाड्यांचा, स्त्रियांचा, मुलांच्या ५० सीसी गाड्यांचा, चारचाकी एटीव्हीचा. थंडीसाठी गाडी थोडी बदलावी लागते. थंड हवा दाट असते, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये इंधन वाढवावे लागते. रेडिएटरवर पट्टी चिकटवून तो अर्धा झाकतात, नाहीतर इंजिन तापतच नाही. हँडलवर हात झाकणारी पिशवी लावतात. नवशिक्याची हमखास होणारी चूक म्हणजे थ्रॉटल जोरात उघडणे. मागचे चाक फिरत राहते, बर्फ पिसतो, गाडी जागची हलत नाही आणि शेजारचा शांतपणे पुढे निघून जातो. बर्फावर जो हळुवार तो वेगवान, हे मातीवरच्या स्वाराला समजायला काही फेऱ्या जातात.

तलावावर आणखी एक प्रश्न असतो तो बर्फाच्या जाडीचा. मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाच्या मार्गदर्शनानुसार माणसाने चालण्यासाठी स्वच्छ, घट्ट बर्फ किमान १० सेंटिमीटर हवा, स्नोमोबाइलसाठी १३ ते १८, छोट्या मोटारीसाठी २३ ते २५. पांढऱ्या, हवा मिसळलेल्या बर्फाला निम्माच जोर असतो, तिथे हे आकडे दुप्पट करायचे. शर्यतीच्या दिवशी स्वारांबरोबर प्रेक्षकांच्या मोटारी आणि ट्रेलरही तलावावर येतात, म्हणून क्लबची माणसे जागोजागी भोके पाडून जाडी मोजतात. जाडी भरली नाही तर शर्यत रद्द. या बाबतीत क्लबांनी दाखवलेली सावधगिरी शिकण्याजोगी आहे.

याच दोन मजल्यांच्या मध्ये काही रूपे आहेत. अमेरिकेत आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात, म्हणजे सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद जागेत, खिळेदार टायरच्या शर्यती होतात. इंग्लंडमध्ये टेलफर्डच्या आइस रिंकवर अशीच स्पर्धा भरत आली आहे. फिनलंडमध्ये तलावांवर आखलेल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर एन्ड्युरो गाड्या धावतात, तिथे डावी-उजवी दोन्ही वळणे असतात. ऑस्ट्रियात झेल आम झे इथे १९३७ मध्ये गोठलेल्या सरोवरावर मोटारसायकलमागे दोरीने स्कीवाला ओढत नेण्याच्या शर्यती सुरू झाल्या होत्या.

आता इतिहासाकडे. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ, म्हणजे एफआयएम, १९६६ पासून बर्फावरच्या स्पीडवेची वैयक्तिक जागतिक स्पर्धा घेतो. पहिला विजेता उफा शहराचा गब्द्राखमान कादिरोव. त्याने १९७३ पर्यंत सहा वेळा विजेतेपद मिळवले. सेर्गेई ताराबान्को १९७५ ते १९७८ सलग चार वेळा जिंकला. निकोलाय क्रास्निकोवने २००५ ते २०१२ सलग आठ वेळा, आणि हा विक्रम मोडला जाईल असे मला वाटत नाही. १९६६ ते २०२१ या काळात सोव्हिएत संघ आणि रशियाबाहेरच्या फक्त पाच जणांना हा किताब मिळाला. चेकोस्लोव्हाकियाचे अंतोनीन श्वाब (१९७०) आणि मिलान श्पिन्का (१९७४), स्वीडनचा एरिक स्टेनलुंड (१९८४ आणि १९८८), फिनलंडचा यार्मो हिर्वासोया (१९९०) आणि स्वीडनचा पेर-ओलोफ सेरेनियस (१९९५ आणि २००२).

एका देशाचे असे वर्चस्व केवळ थंडीने येत नाही. थंडी फिनलंडमध्येही आहे, कॅनडातही आहे. सोव्हिएत काळात दोसाफ नावाची संघटना तरुणांना गाडी चालवणे, दुरुस्त करणे, शर्यतीत उतरणे शिकवत असे. गाडी, इंधन, सुटे भाग, प्रशिक्षक हे सगळे क्लबाचे. उफा, शाद्रिन्स्क, कामेन्स्क-उराल्स्की, तोल्यात्ती अशा औद्योगिक गावांत हिवाळ्यात स्टेडियमवर पाणी सोडून थरावर थर गोठवले जात, आणि कामगारांची कुटुंबे शर्यत पाहायला येत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला रोज पाहायला उत्तम स्वार होते आणि रोज सरावाला बर्फ होता. पश्चिम युरोपातल्या स्वाराला मात्र स्वतःच्या खिशातून गाडी घ्यायची, नोकरी सांभाळून आठवड्याच्या शेवटी दूरवर बर्फ शोधत जायचे. हे लक्षात घेतले की स्टेनलुंड आणि सेरेनियस यांच्या यशाचे मोल कितीतरी वाढते.

सेरेनियसबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. त्याचा जन्म १९४८ चा. २००२ मध्ये तो जागतिक विजेता झाला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. ऑस्ट्रियाचा फ्रांकी झोर्न, जन्म १९७०, तोही पन्नाशीनंतर या रिंगणात उतरत राहिला. ही माणसे मला मनापासून आदरणीय वाटतात. या खेळात ताकदीपेक्षा बर्फाची समज मोठी, हेही त्यांच्यामुळे सिद्ध होते. पण त्याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर काळजी वाटते. पन्नाशीच्या स्वाराला जागा मिळते, याचे एक कारण विशीचा स्वार मागून ढकलत नाही हेही आहे.

२०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, एफआयएमने रशिया आणि बेलारूसच्या स्वारांना आपल्या स्पर्धांतून बाहेर ठेवले. दुसऱ्या एखाद्या खेळात अशा निर्णयाने काही नावे गळतात. इथे खेळाचा कणाच बाजूला झाला. २०२१ चा विजेता दिनार वालेएव, त्याआधीचे दानिल इवानोव, दिमित्री कोल्ताकोव, दिमित्री खोमित्सेविच, हे सगळे एका फटक्यात बाहेर. त्यांच्याबरोबर त्यांची स्टेडियमे, त्यांचे प्रेक्षक आणि त्यांचा खात्रीचा नैसर्गिक बर्फही. कझाकस्तानच्या अल्माटीपासून नेदरलँड्सपर्यंत फिरणारी मालिका २०२३ आणि २०२४ मध्ये जर्मनीतले इन्झेल आणि नेदरलँड्समधले हीरनवीन या दोनच ठिकाणी आली. दोन्ही वर्षी स्वीडनचा मार्टिन हाराहिल्टुनेन जिंकला. रशियन नसताना मिळालेले विजेतेपद हलके, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. तो त्यांच्याविरुद्ध आधी धावलेला स्वार आहे, आणि समोर जे उभे राहतात त्यांना हरवणे एवढेच स्वाराच्या हाती असते. निर्णय योग्य होता असेच मी मानतो. पण त्याची किंमत या खेळाने जितकी मोजली, तितकी मोटारसायकलच्या दुसऱ्या कोणत्या शाखेने मोजली असेल असे वाटत नाही.

दुसरे आकसणे बर्फाचे. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरातल्या मेंडोटा सरोवराच्या गोठण्याच्या नोंदी १९व्या शतकाच्या मध्यापासून आहेत. तेव्हाच्या तुलनेत ते आता वर्षाला साधारण महिनाभर कमी गोठलेले राहते. २०२३-२४ चा हिवाळा अमेरिकेच्या सलग भूभागात नोंदींतला सर्वांत उबदार ठरला आणि तलावांवरचे अनेक कार्यक्रम रद्द झाले. युरोपची स्थिती फार निराळी नाही. हीरनवीन ज्या फ्रीसलंड प्रांतात आहे, तिथली कालव्यांवरून सुमारे २०० किलोमीटर स्केटिंग करण्याची प्रसिद्ध अकरा शहरांची शर्यत १५ सेंटिमीटर बर्फ साठला तरच होते, आणि ती शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ रोजी.

म्हणून जागतिक स्पर्धा छपराखाली गेली आहे. हीरनवीनच्या थियाल्फ स्टेडियमवर १९८६ मध्ये छप्पर आले, इन्झेलच्या रिंगणावर २०११ मध्ये. दोन्ही जागा मुळात स्केटिंगसाठी आहेत. स्केटिंगला जेमतेम काही सेंटिमीटर बर्फ पुरतो, आणि खाली काँक्रीटमध्ये शीतकाच्या नळ्या असतात. २८ मिलिमीटरचे शेकडो खिळे त्यावर सोडायचे म्हणजे आधी बर्फ जाड करावा लागतो. त्यामुळे ही स्पर्धा स्केटिंगचा हंगाम संपता संपता होते. जागेचे भाडे, वीज, बर्फ तयार करणे, हे सगळे खर्चिक. मोठ्या स्पर्धेसाठी ते परवडते. सरावासाठी मात्र असे स्टेडियम कोणी देत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

आता तुटलेल्या वाटेबद्दल. अमेरिकेत किंवा फिनलंडच्या तलावावर मूल ५० सीसीच्या गाडीवर सुरुवात करते, मोठे होत जाते, उत्तम बर्फस्वार होते आणि तिथेच थांबते. स्क्रूच्या टायरवरून लांब खिळ्यांवर जायला मधली पायरीच नाही. गाडी वेगळी, झुकण्याची पद्धत वेगळी, धोका कितीतरी पट जास्त. मध्य युरोपातल्या तरुणाचे उलट होते. त्याला उन्हाळ्यात मातीवरचा स्पीडवे मिळतो, पण बर्फावर यायचे तर थेट २८ मिलिमीटरच्या खिळ्यांवर. म्हणजे एकीकडे पहिली पायरी आहे पण शिखर नाही, दुसरीकडे शिखर आहे पण पहिली पायरी नाही. एफआयएमने आणि राष्ट्रीय संघटनांनी करायची गोष्ट यातूनच सुचते. छोट्या इंजिनाची, आखूड खिळ्यांची, हॉकीच्या रिंगणातही चालेल अशी एक मधली श्रेणी सर्व देशांत एकाच नियमाने सुरू करावी. हॉकीचे रिंगण जगभर आहे, ते अनेक ठिकाणी बारा महिने गोठलेले असते, आणि छोट्या जागेत वेगही आटोक्यात राहतो. टेलफर्डने आणि अमेरिकेतल्या बंदिस्त शर्यतींनी हे शक्य असल्याचे आधीच दाखवून दिले आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला सुरक्षेचा. खिळ्यांचे चाक माणसावरून गेले तर काय होते हे सांगायला नको. कातडी पोशाख, आतले चिलखत, चाकांची आवरणे, कडेला गवताचे गठ्ठे आणि बर्फाचे बांध, यांनी धोका कमी होतो, संपत नाही. माझे उत्तर असे, की धोका सर्वांत जास्त असतो तो अर्धवट तयारीने वर आलेल्या स्वाराला, आणि त्याच्या शेजाऱ्याला. मधली पायरी हवी ती याचसाठी. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. बंदिस्त रिंगणात धूर आणि आवाज आवरता येतो. तलावाच्या बाबतीत मात्र मी क्लबांच्या बाजूने पूर्णपणे उभा राहू शकत नाही. सांडलेले पेट्रोल, निसटलेले स्क्रू वसंतात पाण्यातच जातात. गाडीखाली चटई अंथरणे, इंधन किनाऱ्यावर भरणे हे नियम सगळीकडे सक्तीचे व्हायला हवेत.

याच मुद्द्यावरून लडाखचा विषय निघतो. महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात मोटारसायकलींचे तांडे तिकडे जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावर अर्ध-मॅरेथॉनही झाली, मग बर्फावरची मोटारसायकल शर्यत का नको, असा विचार हौशी मंडळींच्या मनात येणे साहजिक आहे. माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. ते सरोवर चांगथांगच्या संरक्षित प्रदेशात आहे, तिथली जीवसृष्टी नाजूक आहे, आणि तेवढ्या उंचीवर, रुग्णालयापासून इतक्या दूर, खिळेदार चाकांची शर्यत घेणे बेजबाबदारपणाचे होईल. माणसांनी पायी धावणे आणि इंजिने सोडणे यांत फार अंतर आहे.

हा खेळ पाहण्याची संधी मात्र अनेक मराठी वाचकांना खरोखर आहे. शिकागो, मिनिआपोलिस, मॅडिसनच्या परिसरात राहणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जवळच्या मोटारसायकल क्लबाकडे चौकशी करावी. तलावावरची शर्यत पाहायला कोणी अडवत नाही, आणि गाडीजवळ जाऊन स्क्रू कसे बसवले ते विचारले तर मालक आनंदाने तासभर सांगतो. जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये असलेल्यांनी जागतिक स्पर्धाच गाठावी. इन्झेल म्युनिकहून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. पहिल्या वळणासमोर बसा, आणि चौघांना एकदम पाहू नका. हेल्मेटवरचा रंग पाहून एकाच स्वारावर चारही फेऱ्या नजर ठेवा, त्याचा गुडघा, त्याचा थ्रॉटल, त्याने निवडलेली चाकोरी दिसू लागेल. लहान मुलांना अवश्य न्या, त्यांच्या कानांवर संरक्षण चढवून. छपराखाली असले तरी आत बर्फ आहे, तेव्हा कपड्यांचा एक थर जास्त घाला. इन्झेलची स्पर्धा साधारणपणे मार्चमध्ये असते, हीरनवीनची एप्रिलच्या सुरुवातीला.